फांद्या-शेंड्यांचा हिशेब

ओल्या लाकडाची चूल ज्याने एकदा तरी पेटवली आहे, त्याला या प्रकरणातलं निम्मं अर्थशास्त्र आधीच ठाऊक आहे. फुंकणीने फुंकून डोळ्यांतून पाणी येतं, लाकडाच्या टोकाला फेस धरतो, घरभर धूर होतो आणि भांड्यातलं पाणी काही केल्या उकळत नाही. जाळ असतो, पण तो आधी लाकडातलं पाणी आटवण्यात खर्ची पडतो. मृग लागायच्या आत लाकूडफाटा पडवीत रचून घ्यायची आपल्याकडे जी घाई असते, तिच्यामागे हाच अनुभव आहे.

स्वीडनच्या दक्षिणेकडे स्मोलांद नावाचा प्रांत आहे. स्प्रूस आणि पाइनची सलग जंगलं आणि मधूनमधून तळी. तिथल्या वेक्श्यो या शहरात चूल गावाला मिळून एकच आहे. शहराच्या कडेला एक मोठा बॉयलर पाणी तापवतो, ते जमिनीखालच्या नळांतून घराघरांत जातं, खोल्या ऊबदार करतं आणि थोडं निवून परत बॉयलरकडे येतं. या पद्धतीला जिल्हा-तापन म्हणतात. या चुलीत जाळायला झाडांच्या फांद्या आणि शेंडे येतात, बारीक ढलप्या करून.

ढलप्यांचा ट्रक अशा केंद्राच्या दारात आला की आधी त्याचं वजन होतं. मग मालातून मूठमूठ नमुने घेऊन एका डब्यात भरतात. या नमुन्याचं वजन करून तो पसरट ताटात ओततात आणि ताट 105 अंशांच्या भट्टीत ठेवतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा वजन. काल एक किलो भरलेली ढलपी आज अर्धा किलो भरली, तर त्या ट्रकमध्ये निम्मं पाणी होतं. पैसे टनावर मिळत नाहीत, उष्णतेवर मिळतात. त्यामुळे त्या ताटाच्या दोन वजनांवर जंगलमालक, यंत्रवाला आणि ट्रकवाला या तिघांचंही बिल ठरतं.

आकडे मांडून पाहू. आपल्या वीजबिलावरचं एक युनिट म्हणजे एक किलोवॉट-तास, आणि अशी हजार युनिटं म्हणजे एक मेगावॉट-तास. पूर्ण कोरड्या लाकडाच्या एका किलोत साधारण सव्वापाच युनिट उष्णता असते, मग ते लाकूड स्प्रूसचं असो की बाभळीचं. फरक असतो तो थोडाच. आता एक टन ओली ढलपी घ्या, निम्मं पाणी असलेली. खरं लाकूड भरलं 500 किलो, म्हणजे सुमारे 2640 युनिटं. उरलेलं 500 किलो पाणी वाफ होऊन धुराड्यातून जाताना त्यातली 340 युनिटं घेऊन जातं. हाती राहिली 2300. तीच ढलपी उन्हात सुकून पाण्याचं प्रमाण 35 टक्क्यांवर आलं, तर एका टनातून 3200 युनिटं मिळतात. तोच ट्रक, तेच डिझेल, तोच चालक, आणि उष्णता सुमारे 40 टक्क्यांनी जास्त. पाणी इथे दोनदा नडतं: एकदा जागा अडवून आणि एकदा जाळ खाऊन. त्यातलं जागा अडवणं जास्त महाग पडतं, कारण त्या पाण्याचं भाडं जंगलापासून बॉयलरपर्यंत प्रत्येक टप्प्यावर भरावं लागतं.

जंगलात मागे काय उरतं, ते आता पाहू. स्वीडनमध्ये झाड तोडायला कुऱ्हाड नाही, हार्वेस्टर नावाचं यंत्र असतं. त्याचा लांब हात खोडाला बुंध्याशी पकडतो, कापतो, आडवं करतो आणि सोललेल्या काकडीसारखं त्याला रोलरमधून सरकवत फांद्या छाटत जातो. खोडाचे ठरलेल्या लांबीचे ओंडके पडतात. जाड ओंडके आरागिरणीला जातात आणि बारीक ओंडके कागदाच्या लगद्याला. फांद्या, पानांच्या सुया आणि मनगटाएवढा बारीक झालेला शेंडा जागेवर राहतो. स्प्रूसच्या जंगलात हा उरलेला भाग जमिनीवरच्या झाडाचा चौथा हिस्सा किंवा त्याहून थोडा जास्तच भरतो. स्वीडिश भाषेत फांद्यांना ग्रेनार आणि शेंड्यांना टोप्पार म्हणतात. या दोन शब्दांची आणि त्यांच्या मधल्या 'ऑक' म्हणजे 'आणि' या शब्दाची आद्याक्षरं जोडून 'ग्रूट' हा शब्द तयार झाला. आधी ज्याला नावच नव्हतं, त्याला बाजारात यायचं म्हणून नाव मिळालं.

साखर कारखान्याच्या परिसरात राहणाऱ्या मराठी वाचकाला ही गोष्ट लगेच कळेल. उसाचं चिपाड आणि उसाचं पाचट हे दोन्ही एकाच उसाचे भाग. चिपाड उसाबरोबर आपोआप कारखान्यात येतं, गाळप होऊन बॉयलरच्या शेजारी पडतं. त्यात निम्मं पाणी असतं, तरी ते जाळणं परवडतं, कारण त्याला आणायचा खर्च साखरेने आधीच उचललेला असतो. महाराष्ट्रातले कितीतरी कारखाने त्यावर वाफ करतात, वीज करतात आणि उरलेली वीज विकतात. पाचट मात्र शेतात पडून राहतं. त्यातली उष्णता चिपाडापेक्षा कमी नसते, उलट ते जास्त कोरडं असतं. पण ते गोळा करायचं, बांधायचं, वाहायचं तर प्रत्येक पायरीचे पैसे त्याने स्वतःच कमवायला हवेत. ते जमत नाही, म्हणून काडी लागते.

लाकडाचंही अगदी असंच झालं. ओंडका आरागिरणीत गेला की साधारण निम्म्या लाकडाची फळी होते, बाकीचा भुसा, साल आणि तुकडे. हे गिरणीचं चिपाड. स्वीडन आणि फिनलंडच्या बॉयलरांनी सर्वांत आधी तेच जाळलं. जंगलातल्या फांद्या म्हणजे पाचट. त्यांचा नंबर खूप उशिरा लागला.

त्यांना बाहेर काढण्यातली पहिली अडचण पाण्याची, दुसरी हवेची. फांद्यांचा ढीग ट्रकमध्ये भरला तर भरलेल्या जागेपैकी जेमतेम 15 ते 20 टक्के लाकूड असतं, बाकी पोकळी. ट्रक वजनाने भरायच्या आधी आकाराने भरतो आणि चालक हवा वाहून नेतो. म्हणूनच ढलपी करायची. चिपरचं फिरतं पातं फांद्यांचे तीन-चार सेंटिमीटरचे तुकडे करतं आणि लाकडाचं प्रमाण 40 टक्क्यांवर जातं. तेलाशी तुलना केली की एवढंही किती कमी आहे ते दिसतं. तेलाच्या हजार लिटरच्या टाकीत 10 मेगावॉट-तास मावतात. एक घनमीटर सुट्या ढलपीत 0.8 मेगावॉट-तासाच्या आसपास. म्हणजे तेलाच्या एका टाकीची बरोबरी करायला ढलपीच्या बारा-तेरा टाक्या लागतात. तेल अर्ध्या पृथ्वीला वळसा घालून परवडतं, ढलपी शेजारच्या जिल्ह्यातूनही कधीकधी परवडत नाही. वेक्श्योचं केंद्र आपलं बहुतेक जळण सुमारे 100 किलोमीटरच्या परिघातून घेतं.

ढलपी कुठे करायची, हा या धंद्यातला जुना वाद. तोडीच्या जागेवरच चिपर नेला तर यंत्र जड, जमीन मऊ आणि काम सावकाश. फांद्या अख्ख्याच केंद्राशी नेल्या तर तिथला मोठा विजेवरचा चिपर स्वस्तात काम करतो, पण वाटेत पुन्हा हवेची वाहतूक. फिनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर पिएतारसारी इथे 2001 साली आल्होल्मेन्स क्राफ्ट हे केंद्र सुरू झालं. 550 मेगावॉट उष्णतेचा त्याचा बॉयलर तेव्हा जैवइंधनावर चालणारा जगातला सर्वांत मोठा मानला जात होता. त्याची भूक भागवायला तिसरा मार्ग निघाला: फांद्या जंगलातच दाबून, दोरीने आवळून त्यांचे ओंडक्यासारखे भारे बांधायचे. तीनेक मीटर लांब, 60-70 सेंटिमीटर जाड, वजन अर्ध्या टनाच्या आसपास, आणि एका भाऱ्यात सुमारे एक मेगावॉट-तास उष्णता. लाकडाच्या नेहमीच्या ट्रकवर ते ओंडक्यांसारखे रचले जात. मोळी बांधायची जुनी युक्तीच ती, फक्त बांधणारं यंत्र फार महाग होतं. वाहतुकीत वाचलेले पैसे बांधणीत गेले आणि बहुतेक ठिकाणी ही पद्धत मागे पडली.

टिकली ती मधली वाट, म्हणजे रस्त्याच्या कडेला ढलपी करणं. फॉरवर्डर नावाची गाडी जंगलातून फांद्या उचलून रस्त्याकडेला आणते आणि चार-पाच मीटर उंचीची लांबच लांब गंजी रचते. गंजीवर जाड कागद पसरतात, पावसा-बर्फापासून आडोसा म्हणून. हिवाळ्यात चिपर आला की तो कागदासकट सगळं खातो. कागदही शेवटी लाकूडच.

या पद्धतीतही एक फट आहे, आणि पैसा तिथूनच गळतो. चिपर ढलपी थेट ट्रकमध्ये फेकतो. ट्रक भरला की तो निघतो आणि दुसरा येईपर्यंत चिपर उभा. दुसरा आधीच आला तर तो उभा. जंगलातला अरुंद रस्ता, बर्फ, केंद्राच्या दारातली रांग, कुठेही अर्धा तास गेला की त्या अर्ध्या तासाचं भाडं ढलपीवरच चढतं. उसाच्या हंगामात कारखान्याच्या गव्हाणीपुढे बैलगाड्या आणि ट्रॅक्टर जसे ताटकळतात, तसंच. काहींनी यावर चिपर ट्रकवरच बसवला: तीच गाडी फांद्या उचलते, ढलपी करते आणि घेऊन जाते. चिपरच्या वजनाएवढा माल कमी बसतो, पण कुणाला कुणाची वाट पाहावी लागत नाही. अंतर कमी असेल तर हे परवडतं. अंतर वाढलं की नाही. आणखी एक उपाय सरकारच्या हातात होता. स्वीडनने ट्रकच्या एकूण वजनाची 60 टनांची मर्यादा 2015 मध्ये 64 टन केली आणि 2018 पासून ठरावीक रस्त्यांवर 74 टन. कागदावरचा एक आकडा बदलला आणि परवडणाऱ्या जंगलाचा परीघ थोडा रुंदावला.

फॉरवर्डरच्या चालकाचं काम बाहेरून सरळसोट दिसतं, पण मालाची प्रत त्याच्याच हातात असते. त्याने पकडीचा पंजा दोन बोटं जास्त खाली नेला तर फांद्यांबरोबर माती आणि गोटे येतात. स्मोलांदची जमीन आधीच दगडगोट्यांची. एक गोटा चिपरमध्ये गेला की पाती बोथट होतात किंवा तुटतात, काम थांबतं. माती बॉयलरमध्ये गेली की राखेचं प्रमाण वाढतं आणि तळाशी काचेसारखे खडे जमतात. चांगला चालक ढिगाचा तळ जंगलातच सोडून देतो. तो सोडलेला थर बघून हळहळ वाटावी, पण पैसे त्या सोडण्यातच वाचतात.

ढलपी करून साठवली तर चालणार नाही का, असा प्रश्न पडतो. कारण गरज असते जानेवारीत, आणि यंत्रं मात्र बारा महिने उभी असतात. पण ढलपीचा ढीग जिवंत असतो. ओल्या ढिगात बुरशी आणि जिवाणू काम सुरू करतात, आतलं तापमान चढत जातं, लाकूड हळूहळू झिजतं. दर महिन्याला एक-दोन टक्के, कधी त्याहून जास्त. फार मोठा ढीग आतून पेटही घेऊ शकतो. बुरशीचे कण हवेत उडाले की कामगारांच्या छातीला त्रास होतो. म्हणून लाकूड फांद्यांच्या रूपात साठवायचं आणि ढलपी जाळायच्या तोंडावर करायची. याचा अर्थ चिपरचा मालक सहा महिने रात्रंदिवस राबतो आणि सहा महिने यंत्र झाकून ठेवतो, कर्जाचा हप्ता मात्र बारा महिने भरतो. ढलपीच्या किमतीत हा रिकामा उन्हाळाही धरलेला असतो.

इतका सगळा खटाटोप करून वेक्श्यो फांद्यांकडे का वळलं, याचं उत्तर तेलात आहे. तिथलं जिल्हा-तापन 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला उभं राहिलं ते तेलावर. मग 1973 चं तेलसंकट आलं, पाठोपाठ 1979 चं. तेलाची किंमत हाताबाहेर गेली आणि शहराभोवती तर नजर जाईल तिथे जंगल. 1980 मध्ये वेक्श्योच्या सांडविक केंद्रात लाकडाचं जळण घालायला सुरुवात झाली. स्वीडनमधल्या जिल्हा-तापनात हा पहिला प्रयोग. त्या वेळी हवामानबदलाची चर्चा फारसं कुणी करत नव्हतं. हिशेब होता तो आयातीच्या बिलाचा आणि आपल्या दारात पडलेल्या मालाचा. जीवाश्म इंधनापासून पूर्ण मुक्त व्हायचा ठराव शहराने केला तो नंतर, 1996 मध्ये.

पण 1986 मध्ये तेल कोसळलं. स्वस्त तेलापुढे फांद्या गोळा करणं पुन्हा वेडेपणाचं वाटू लागलं असतं. ते झालं नाही, याचं मोठं कारण 1991 च्या करात आहे. त्या वर्षी स्वीडनने कार्बनवर कर लावला: एक टन कार्बन डायऑक्साइडमागे 250 क्रोना. फिनलंडने एक वर्ष आधी असा कर आणला होता, पण फार हलका. लाकडाला या करातून सूट होती. तेलातून एक मेगावॉट-तास उष्णता घ्यायची तर साधारण 270 किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे 1991 च्या दराने कर झाला 67-68 क्रोना. पुढे दर टप्प्याटप्प्याने चढत गेला आणि टनामागे हजार क्रोनांच्या पुढे गेला. त्या दराने तेलाच्या एका मेगावॉट-तासावर नुसता करच 270 क्रोना. आणि 2010 नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत केंद्राच्या दारात पोचलेल्या ढलपीची पूर्ण किंमत होती मेगावॉट-तासाला 200 क्रोनांच्या घरात. तेल फुकट मिळालं असतं तरी ढलपी त्याहून स्वस्त पडली असती.

या कराची मला सर्वांत पटणारी बाजू अशी की त्याने फांद्यांना एक क्रोनाही दिला नाही. फांदी कशी आणायची, कुठे कापायची, किती सुकवायची, हे सरकारने सांगितलं नाही. समोरच्या मालाची खरी किंमत तेवढी वाढवली आणि बाकीचं शोधायचं काम चिपरवाल्यांवर, ट्रकवाल्यांवर आणि बॉयलरच्या अभियंत्यांवर सोडलं. त्यांनी शोधलंही. उदाहरण द्यायचं तर, धुराड्यातून जाणारी वाफ थंड करून तिची उष्णता परत मिळवणारी यंत्रणा. शहरातून परतलेलं कोमट पाणी धुराच्या नळ्यांभोवती फिरवलं की वाफेचं पुन्हा पाणी होतं आणि मघाशी गेलेली ती 340 युनिटं बऱ्याच अंशी परत येतात. ओल्या ढलपीचा जाळ खाणारा दोष यामुळे जवळजवळ नाहीसा झाला. जागा अडवणारा दोष मात्र तसाच राहिला, कारण तो रस्त्यावरचा आहे.

उलट दिशेने गेलं तर काय होतं, याचं उदाहरण उत्तर आयर्लंडमध्ये दिसलं. तिथे नोव्हेंबर 2012 मध्ये लाकडी जळणाचे बॉयलर बसवणाऱ्या व्यवसायांसाठी अनुदानाची योजना आली. प्रत्येक युनिट उष्णतेमागे पैसे मिळायचे, आणि ते पैसे जळणाच्या किमतीपेक्षा जास्त होते. वर मर्यादाही नव्हती. जितकं जाळाल तितका फायदा, मग उष्णतेची गरज असो वा नसो. लोकांनी रिकामी शेडं तापवली. फेब्रुवारी 2016 मध्ये योजना बंद करावी लागली, खर्चाची वाढ 490 दशलक्ष पौंडांपर्यंत जाईल असा अंदाज पुढे आला, आणि या वादातून जानेवारी 2017 मध्ये उपमुख्यमंत्री मार्टिन मॅक्गिनेस यांनी राजीनामा दिल्यावर तिथलं सरकारच कोसळलं. न्यायमूर्ती पॅट्रिक कॉगलिन यांच्या चौकशीचा अहवाल 2020 मध्ये आला. लाकूड तेच होतं, बॉयलरही चांगले होते. फक्त तिथे किंमत लाकडाला लावली होती, स्वीडनने धुराला लावली.

आता कचरा या शब्दाकडे येतो, कारण त्याच्याशी माझं भांडण आहे. एकच फांदी 2011 च्या आसपास जळण होती. त्यानंतरच्या काही वर्षांत ती पुन्हा कचरा झाली. हिवाळे सौम्य गेले, शहरांच्या बॉयलरांना ब्रिटन-नॉर्वेतून येणारं मोडतोडीचं जुनं लाकूड आणि शहरी कचरा मिळू लागला, आणि तो घेण्याबद्दल उलट त्यांनाच पैसे मिळत. फांद्यांचे भाव उतरले आणि बऱ्याच जंगलमालकांनी त्या जागेवरच सोडल्या. मग 2022 मध्ये युक्रेनवर आक्रमण झालं, रशिया आणि बेलारूसमधून बाल्टिक प्रदेशात येणारं लाकूड थांबलं, फिनलंडची फार मोठी ढलपी-आयात एका झटक्यात बंद झाली आणि फांद्यांना पुन्हा भाव आला. झाड बदललं नव्हतं, फांदीतली उष्णताही बदलली नव्हती.

भाव चढला की दुसरी भीती समोर येते, आणि ती मला जास्त खरी वाटते. एक घनमीटर भरीव लाकडात सुमारे दोन मेगावॉट-तास असतात. ढलपीचा दर 200 क्रोना असेल तर त्या घनमीटरचे केंद्राच्या दारात 400 क्रोना होतात, आणि चिपिंग-वाहतूक वजा जाता लगद्याचा कारखाना मालकाला त्यापेक्षा चांगला भाव देतो. ओंडका कागदाकडे जातो, फांदी बॉयलरकडे. दर दुप्पट झाला की ही रेघ पुसट होते. लगद्याचा बारीक ओंडकाही बॉयलरकडे वळतो, आणि त्या क्षणी हा उद्योग कचरा जाळणारा राहत नाही.

ही रेघ सांभाळण्यासारखी आहे, कारण धुराचा हिशेबही तिच्यावरच अवलंबून आहे. फांद्या जंगलात सोडल्या असत्या तर त्या काही वर्षांत, फार तर दोन-तीन दशकांत कुजल्या असत्या आणि त्यांच्यातला कार्बन हवेत गेलाच असता. जाळल्याने तो आधी गेला, एवढंच. बुंध्याची मुळं कुजायला याहून पुष्कळ जास्त काळ लागतो. फिनलंडमध्ये 2000 नंतर तीही उपटून जाळायचा सपाटा सुरू झाला होता, तो पुढे मंदावला, आणि ते बरंच झालं. उभं, वाढणारं झाड जाळण्यासाठी तोडलं तर ती उधारी फेडायला कितीतरी दशकं जातात. त्यामुळे 'लाकूड जाळणं स्वच्छ की अस्वच्छ' हा प्रश्न मला अर्धवट वाटतो. कोणतं लाकूड, ते आधी विचारायला हवं.

फांद्यांनाही स्वतःची एक उधारी असते, ती मातीची. झाडाचं अन्न खोडात कमी आणि सुयांत जास्त असतं. नत्र, पालाश, कॅल्शियम हे सगळं हिरव्या टोकांना. सगळं उचलून नेलं तर पुढच्या पिढीच्या झाडांच्या तोंडचा घास जातो. म्हणून फांद्या एक उन्हाळा तोडीच्या जागेवरच छोट्या ढिगांत सुकू देतात. सुया तपकिरी होतात, गळतात आणि जागेवर राहतात. सुयांत क्लोरीन आणि क्षारही असतात, ते बॉयलरच्या नळ्या खातात. त्यामुळे सुया जंगलात राहणं मातीच्याही हिताचं आणि बॉयलरच्याही. पाणी कमी झालं ते वेगळंच. या धंद्यात इतके हितसंबंध एका ठिकाणी जुळलेले मी दुसरीकडे पाहिले नाहीत. स्वीडनच्या वनविभागाचा सल्ला असा की फांद्यांचा पाचवा हिस्सा तरी जागेवर ठेवावा आणि जाळून उरलेली राख जंगलात परत न्यावी. राखेत नत्र सोडून जवळजवळ सगळं असतं. आपल्या परसात चुलीची राख नारळीच्या आळ्यात जाते, त्यातलाच प्रकार. पण राख नेण्याचा खर्च कुणाच्या बिलात धरायचा, हे नीट ठरत नाही, आणि फांद्या काढलेल्या जमिनीच्या मानाने राख पोचलेली जमीन फार कमी राहिली आहे. या साखळीतली मला सर्वांत जास्त खटकणारी गोष्ट हीच. ज्या पायरीला गिऱ्हाईक नाही, ती रखडते.

मग मालकाच्या हाती काय उरतं? स्वीडनमधलं जवळपास निम्मं जंगल साध्या कुटुंबांच्या मालकीचं आहे, आपल्याकडे शेती असते तसं. एका हेक्टर स्प्रूसच्या तोडीतून फांद्यांची साधारण 100 मेगावॉट-तास उष्णता निघते, जागा चांगली असेल तर जास्त. स्वीडनमधलं एक स्वतंत्र घर वर्षभर तापवायला 20 च्या आसपास लागतात, म्हणजे एका हेक्टरच्या फांद्यांवर पाच घरांचं वर्ष निघतं. पण किमतीतला मोठा भाग गोळा करणं, कापणं आणि वाहणं या तीन कामांत जातो. मालकाला ओंडक्यांच्या पैशांपुढे फांद्यांचे पैसे किरकोळच. त्याचा खरा फायदा कधीकधी वेगळाच असतो: जमीन मोकळी झाल्याने नवी रोपं लावणं सोपं होतं.

आणि निर्णय त्याला फार लवकर घ्यावा लागतो. हार्वेस्टर जंगलात येण्याआधी, झाडं उभी असतानाच, फांद्या विकायच्या की नाहीत हे करारात लिहावं लागतं. कारण यंत्राचा चालक त्यावरून आपली कामाची रीत ठरवतो. फांद्या विकायच्या असतील तर तो त्या बाजूला ढीग करून टाकतो, चाकांपासून दूर. विकायच्या नसतील, किंवा जमीन फार मऊ असेल, तर तो त्या स्वतःच्या चाकांखाली अंथरतो. फांद्यांची ती गादी मातीला दबण्यापासून आणि खोल चाकोऱ्यांपासून वाचवते, आणि तेही कामाचंच आहे. ढलपीचा भाव मात्र कळणार असतो वर्षा-दीड वर्षाने, कुठल्याशा जानेवारीत, त्या भट्टीतल्या ताटाचं दुसरं वजन झाल्यावर. तोवर चाकं एकदा फांद्यांवरून गेलेली असली, त्या चिखलात रुतलेल्या असल्या, तर भाव कितीही चढला तरी त्यांना कुठलाच चिपर तोंड लावत नाही.